आधी तलाठी बघा

आप्पा मिस्त्री लग्नाला आले की यजमानाचा जीव टांगणीला लागतो. आहेरात ते कमी पडत नाहीत आणि पंगतीत कुणाला जड होत नाहीत. अडचण एवढीच, की प्रत्येक मंगल कार्यालयाच्या मागं एक जनरेटर असतो.

माझ्या पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, आणि माझ्या शेजारी अक्षता घेऊन उभ्या असलेल्या आप्पांनी मान तिरकी केली.

"भाऊसाहेब, गव्हर्नर हंटिंग मारायलाय."

मी पस्तीस वर्षं तहसील कचेरीत काढलेला माणूस. गव्हर्नर म्हटल्यावर मनानं राजभवनापर्यंत जाऊन आलो.

"जनरेटरचा ओ! आवाज ऐका की. चढतोय, उतरतोय. चढतोय, उतरतोय. दांडी अडकत असणार कुठंतरी."

पहिलं मंगलाष्टक संपायच्या आत आप्पा दिसेनासे झाले. परत आले ते शेवटच्या अक्षतांना. नवरा-नवरीच्या डोक्यावर पडलेल्या अक्षतांत थोड्या काळ्या होत्या, त्या त्यांच्या. लग्नाच्या व्हिडिओत अर्ध्यापर्यंत दिवे लुकलुकतात आणि तिथून पुढं समईसारखे स्थिर होतात. आप्पांचा आहेर कोणता, असं कुणी विचारलं तर मी तो व्हिडिओ दाखवतो.

बिघाडावर जीव असलेला असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. नीट चालणारं यंत्र त्याच्या लेखी परक्याचं पोर. ते खोकायला लागलं, की मग याच्या मायेला पान्हा फुटतो. "कसं चाललंय?" या प्रश्नाला "बरं चाललंय" असं उत्तर दिलं की आप्पांचा चेहरा पडतो. "बरं चाललंय, पण मधूनच एक आवाज येतो," म्हटलं की ते चटकन जवळ सरकतात आणि चहा सांगतात. त्यांच्या घरी भिंतीवरचं घड्याळ, दारावरची घंटा, शिलाई मशीन यांपैकी एकही वस्तू कंपनीनं बनवली तशी उरलेली नाही. इतरांनी यंत्र खोलून जोडलं की दोन स्क्रू उरतात. आप्पांनी जोडलं की दोन वाढलेले असतात.

शिवाजी उद्यमनगरात त्यांची दहा बाय बाराची खोली आहे. एक जुना लेथ, एक व्हाइस, काचेच्या बरण्यांत आट्यांप्रमाणे लावलेले नटबोल्ट, आणि एक खुर्ची. ती गिऱ्हाइकासाठी, आप्पांना मी बसलेलं फारसं पाहिलेलं नाही. वय बहात्तर. खिशात फीलर गेज, कानावर पेन्सिल, आणि हातात लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. तो स्क्रू फिरवायला कमी आणि ऐकायला जास्त. टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाला. डोळे मिटून उभे राहिले की एखाद्या नामांकित डॉक्टरचा भास होतो. फरक इतकाच, की हे पेशंटच्या नातेवाइकांवर आधी खेकसतात.

त्यांची हयात ऑइल इंजिनात गेली. आमचा मुलूख उसाचा. ऊस आला की गुऱ्हाळ आलं, गुऱ्हाळ आलं की चरक आला, आणि चरकाला फिरवणारं डुगडुगतं इंजिन आलं. ते बंद पडलं तर काहिलीखालचा जाळ थांबत नाही आणि रस वाट बघत नाही. म्हणून रात्री दोन वाजता सायकलवरून माणूस यायचा आणि आप्पा पंप-नोझलची पिशवी घेऊन त्याच्यामागं बसून जायचे. डिझेल इंजिनाचा तो पंप बॉश कंपनीनं 1927 साली विकायला सुरुवात केली. भारतात 1951 साली असे पंप बनवणारी मायको कंपनी निघाली, आणि आमच्याकडच्या मिस्त्र्यांच्या तोंडी 'मायको' हा शब्द घरच्या माणसासारखा रुळला. त्या पंपातला प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यात फट असते ती दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरच्या आसपास भरतो, म्हणजे त्या फटीत केसाचा पापुद्रासुद्धा जायचा नाही. एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात चालत नाही. "कुंडली बघून न्हाई, घासून घासून जुळिवलेली जोडी हाय ती," आप्पा सांगतात.

त्यामुळे स्कूटरला फ्युएल इंजेक्शन आलं म्हणून सगळ्या पेठांनी तोंडात बोटं घातली, तेव्हा आप्पा एकटे हसले. "आमच्या गुऱ्हाळावर इंजेक्शानच होतं की! दोनशे बार प्रेशर. फवाऱ्याम्होरं हात धरला तर कातडीतनं आत शिरतंय डिझेल. आणि हे पेट्रोलवालं तीन बारचं घेऊन आल्यात नाचवत. तीन बार म्हंजे फुंकर ओ, फुंकर!"

पार्ट बनवणं हा त्यांचा दुसरा नाद. बाजारात मिळणारा पार्ट त्यांच्या मते हिशेबनिसानं डिझाइन केलेला असतो. चार वर्षांपूर्वी आमच्या मिक्सरचा कपलर झिजला. भांड्याखाली मोटरच्या दांड्यावर बसणारी ती काळी रबरी चकती, दुकानात पन्नासाच्या नोटेत येते. आप्पांनी ती बोटात धरून बघितली आणि 'रबर!' असं अशा आवाजात म्हणाले, की मलाच लाज वाटली. दोन दिवसांनी पितळेचा कपलर आला. लखलखीत, दात मोजून घ्यावेत असे. बायकोनं तो आधी देव्हाऱ्यासमोर ठेवला आणि मग मिक्सरला लावला. महिनाभर ठीक चाललं. मग सुक्या खोबऱ्याचा एक हट्टी तुकडा पात्यात अडकला. पितळेचं काही वाकडं झालं नाही. मोटर जळली.

आप्पा तीन दिवस आमच्या गल्लीत फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी स्वतः रबरी कपलर घेऊन आले. "भाऊसाहेब, चूक माझी. ते रबर मरायसाठीच ठेवलेलं असतंय. कुणीतरी आधी मरायचं ठरवूनच मशीन काढायची असती, म्हंजे म्हागडं जगतंय. चरकाला आमी पिन ठेवतो की, गाठ अडकली की तुटायला! मला ठावं असून इसरलो." चूक झाल्यावर इतकं सरळ सांगणारा माणूस मी कचेरीत पस्तीस वर्षांत पाहिला नाही. पितळेचा कपलर मात्र त्यांनी परत नेला नाही. बायको आता त्यावर उदबत्ती लावते.

आणि मग 1 एप्रिल 2020 उजाडला. त्या दिवसापासून गाड्यांच्या धुराचे बीएस-सहा नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांवरून कार्बोरेटर गेला. सगळा देश टाळेबंदीत घरात बसलेला. बिचाऱ्या कार्बोरेटरच्या मयतीला चार माणसंसुद्धा मिळाली नाहीत. पण आप्पा सुतकात गेले. कार्बोरेटरला एक बारीक पितळी स्क्रू असायचा. तो पूर्ण आवळून मग दीड फेरा सोडायचा, आणि त्या दीड फेऱ्यानंतर पाव फेरा इकडं की तिकडं, हे इंजिन सांगायचं आणि आप्पा ऐकायचे. नव्या गाडीला तो स्क्रूच नाही. तिथं एक बंद डबा आहे, काळ्या लाखेनं भरलेला. तोच ठरवतो केव्हा आणि किती पेट्रोल. जी खोलता येत नाही अशी वस्तू आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

"कानच कापलं ओ माझं," ते एकदा म्हणाले. त्यानंतर वर्षभर नव्या गाड्यांना ते हात लावत नव्हते.

माझी स्कूटर 2021 सालची. दसऱ्यानंतर तिनं एक विचित्र खोड काढली. सकाळी गार असताना बटणाला नुसतं बोट लावलं की चालू. पण गरम झाल्यावर बंद केली, की रुसली. रंकाळ्यावर भेळ खायला थांबलो तर भेळ संपायची, मग शेजारच्याची संपायची, तेव्हा कुठं ती खोकत चालू व्हायची. पेट्रोलचा वास यायचा, आणि लिटरला अठ्ठेचाळीस जाणारी गाडी एकतीसवर आली. अधिकृत म्हणवणाऱ्या एका सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तिला लॅपटॉप जोडला, प्लग बदलला, फिल्टर बदलला, आणि सांगितलं, "कोड काही दाखवत नाही, म्हणजे प्रॉब्लेम नाही." प्रॉब्लेम नसल्याचं बिल झालं दोन हजार तीनशे चाळीस.

शेवटी आप्पांकडं नेली. नको नको म्हणत त्यांनी किल्ली फिरवली. टाकीतून 'कुंई' असा दोन सेकंदांचा आवाज आला. "पंप जिता हाय," आप्पा म्हणाले. स्क्रू ड्रायव्हर इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावली, आणि खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. "टिकटिक करतंय की! ऐका." मी ऐकलं. इंजिन नुसतं उभ्या उभ्या मिनिटाला पंधराशे फेरे घेत असेल, तर तो इंजेक्टर मिनिटाला साडेसातशे वेळा उघडतो आणि मिटतो, दर खेपेला काही हजारांश सेकंदांपुरता. इंजेक्टर काढून, किल्ली चालू करून, खाली स्टीलची वाटी धरून बघितलं. गळत नव्हता. विडी ओढत आलेल्या शेजारच्या वेल्डरला आप्पांनी ज्या शिव्या दिल्या, त्या इथं देता येत नाहीत.

मग प्लग काढला. काजळ धरलेला, मखमलीसारखा काळा. आप्पांनी पूर्वी मला शिकवलं होतं: एक भाग पेट्रोल जाळायला वजनानं 14.7 भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागं जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. हवा जास्त झाली तर प्लग पांढरट पडतो, पेट्रोल जास्त झालं तर काळा. म्हणजे आमच्या गाडीला पेट्रोल जास्त होत होतं, हे मलाही कळलं.

"मॅनिफोल्ड हवा चोरत असंल," आप्पा म्हणाले.

"पण मग प्लग पांढरा पडायला हवा ना?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि उत्तर दिलं नाही. खरं कारण मला नंतर कळलं. लेथशेजारी अल्युमिनियमचा एक सुरेख तुकडा महिनाभर पडून होता आणि त्यातून काहीतरी व्हायलाच हवं होतं.

दोन तास त्यांनी सिलिंडर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधला स्पेसर घडवला. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशानं तुकडा ओला करत होते, कारण कोरडं अल्युमिनियम पात्याला चिकटतं. चांदीच्या रंगाचा किस गोल गोल वळत निघत होता. मग ओरिंगची खाच. ओरिंग तीन मिलिमीटर जाडीची, तर खाच सव्वादोन खोल. "रिंग दाबली गेली पायजे, पर चेंगरायची न्हाई. उरलेला पाऊण मिलिमीटर म्हंजे तिचा धाक." शेवटी कडेला अर्ध्या मिलिमीटरची उतरती धार मारली आणि ती अंगठ्याच्या नखानं तपासली. ही धार कुणाला दिसणार नव्हती. तो भाग दोन भागांच्या मध्ये कायमचा झाकला जाणार होता.

स्पेसर बसला. गाडी चालू केली, गरम केली, बंद केली, बटण दाबलं. रुसवा जसाच्या तसा.

आप्पा पायरीवर बसले. ते बसलेले बघून वेल्डर काळजीनं आत डोकावून गेला.

"डब्याला सगळं कळतंय म्हणत्यात. मग चुकतोय कसा तो?"

"आप्पा, डब्याला कोण कळवतं?"

"सेन्सर. एक हवेचं प्रेशर सांगतोय, एक थ्रॉटल किती पिळला ते, एक इंजिन किती तापलं ते. डबा कुठं बघायला जातोय? तो आपला शिटाखाली बसून हिशेब करतोय."

इथं मात्र माझ्या पस्तीस वर्षांनी तोंड उघडलं. "मग हे आमच्या पैसेवारीसारखंच झालं." आप्पांना पैसेवारी माहीत होती, पण ती होते कशी ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, "शेत बघतो तलाठी. तो गावाचं पीक किती पैसे आलं ते लिहितो. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आलं की आमच्या वेळी दुष्काळ धरायचे. वर बसलेला साहेब शिवारात जात नाही, तो आकडा बघतो. गावात ऊस डोक्यावर आलेला असो, कागदावर एकोणपन्नास पैसे असले की टँकर सुटले."

आप्पा हळूहळू उभे राहिले.

"परत म्हना."

"काय?"

"टँकर सुटलं."

"टँकर सुटले."

"भाऊसाहेब, इंजिन तापलंय, पर कुणीतरी डब्याला कळवायलंय की गारच हाय! गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतंय, म्हणून त्यो सोडतोय टँकरवर टँकर! सकाळी खरंच गार असतंय, तवा हिशेब जुळतोय. दुपारी जुळत न्हाई!"

"पण मग धुराड्यातला तो ऑक्सिजनवाला सेन्सर? तो सांगेल की पेट्रोल जास्त होतंय म्हणून."

"तो विरोधी पक्ष. खरं बोलतोय, पर इंजिन गरम झालं असं सरकारदप्तरी लागल्याबिगर त्याला बोलायला देत न्हाईत."

"आणि लॅपटॉपला कोड का दिसला नाही?"

"आकडा खोटा असला तरी पटण्यासारखा असंल. एकदम शून्य कळवलं असतं तर लाइट लागली असती. हुशार तलाठी दिसतोय."

त्यांनी मीटर काढला. तापमानाचा सेन्सर उलट्या चालीचा असतो. गरमी वाढली की त्याचा विरोध घटतो. आमच्या गाडीच्या सेन्सरचा वीस अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ऐंशीला तीनशेच्या आसपास. गरम इंजिनावर सेन्सरच्या पायावरच मोजलं तर तीनशे वीस आले. म्हणजे तलाठी खरं सांगत होता. वायरच्या डब्याकडच्या टोकाला मोजलं तर साडेबाराशे. म्हणजे डब्याला वाटत होतं, इंजिन जेमतेम चाळीस अंशांवर आहे. खरा आकडा वाटेत कुठंतरी बदलला जात होता. हेही मला अगदी अनोळखी नव्हतं.

"दुखणं कधीपासनं?" आप्पांनी विचारलं.

"दसऱ्यापासून."

"खंडेनवमीला गाडी धुतली हुती?"

धुतली होती. साधी नाही, प्रेशरच्या पाण्यानं, इंजिनात देव बसल्यासारखी कानाकोपऱ्यातून. मग हळदकुंकू, झेंडूचा हार. आप्पांनी सेन्सरचं कनेक्टर उपटून माझ्या नाकासमोर धरलं. एका पिनेवर कळकलेल्या पितळेसारखा हिरवा थर.

"ही तुमची भक्ती."

बारीक पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी, दोन थेंब क्लीनर, सैल झालेल्या टोकाला पकडीनं हलका दाब, वर रबराचं टोपण नीट बसवलं. पंधरा मिनिटांत काम झालं. रंकाळ्यापर्यंत जाऊन, बंद करून, बटण दाबलं. भेळवाल्यानं कागद हातात घ्यायच्या आत गाडी चालू. पुढच्या टाकीला लिटरला सेहेचाळीस आलं. अल्युमिनियमचा स्पेसर आप्पांनी काढून जुना बसवला, कारण "मूळचा पिलॅस्टिकचा हाय त्यो उष्णता अडवाय. माझा तापंल." तो आता माझ्या टेबलावर कागद दाबतो. त्याच्या कडेची ती धार मी अधूनमधून अंगठ्यानं बघतो.

त्या दिवसापासून आप्पांचे कान परत आले. नव्या गाड्या घेतात. डबा खोलता येत नाही याचं दुःख उरलेलं नाही, कारण डबा हा साहेब आहे आणि साहेबाला खोलायचं नसतं, हे त्यांना पटलंय. त्याला कळवणारे तपासायचे, आणि कळवणाऱ्यांच्या वाटेवरचा गंज. उद्यमनगरातली पोरंसुद्धा आता सेन्सरला 'तलाठी' आणि वायरिंगला 'टपाल' म्हणतात. पैसेवारीचा दाखला आप्पा स्वतःचा म्हणूनच सांगतात. मी हरकत घेतलेली नाही. तहसीलीतल्या कुठल्याच कागदावर ज्याचं श्रेय त्याचं नाव मी पाहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी तिथं चहा पीत बसलो होतो. एक तरुण मोटरसायकल ढकलत आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फायलींची पिशवी. आप्पांचं डोकं आधीच टाकीखाली गेलं होतं. त्याला मी ओळखलं. करवीर तालुक्यातल्या एका सजाचा तलाठी. मी खुणावायला हात उचलला, पण उशीर झाला.

"डबा चांगला असतोय ओ," टाकीखालून आप्पांचा आवाज आला. "लोक उगं साहेबाच्या नावानं बोंबलत्यात. समदा घोटाळा तलाठ्याचा असतोय. तिथनंच खोटं आकडं जात्यात वर. त्याचं पाय घासलं की येतंय बगा वठणीवर. बारा वर्षांचा गंज असंना का, मी काढतो."

तरुणाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बशीत बघितलं. आप्पा वर आले तेव्हा त्यांच्या हातात पॉलिश पेपर होता. काम झालं दहा मिनिटांचं. आप्पा नेहमीप्रमाणे म्हणणार होते, "द्या काय द्यायचं ते." पण त्यांनी तोंड उघडायच्या आतच त्या माणसानं पाचशेची नोट व्हाइसवर ठेवली, नमस्कार केला, आणि पावती न मागता निघून गेला.